पायातली चाहूल

इरूचं बोट कपाटाच्या दाराच्या सांध्यात अडकलं होतं आणि ती रडत नव्हती.

सुमेधा स्वयंपाकघरातून बाहेर आली ती योगायोगानं. कणीक मळून झाली होती, हात पुसायला फडकं हवं होतं, एवढंच. बघते तर लेक कपाटाला धरून उभी. वर्षाची होत आलेली, नुकतीच आधारानं उभं राहायला शिकलेली. चेहरा लालबुंद, ओठ वेडेवाकडे झालेले, गालांवरून धारा लागलेल्या. आणि तोंडातून आवाज म्हणाल तर हुं की चूं नाही. ती दरवाज्याकडे बघत होती. कुणीतरी येईल म्हणून.

बोट सोडवलं तेव्हा नखाखाली रक्त साकळलं होतं. म्हणजे बराच वेळ झाला होता.

"अगं ओरडायचं नाही का गं, राणी? आई इथंच होती ना!"

आवाज ऐकून सासूबाई देवघरातून आल्या. बोट बघून हळहळल्या, हळद लावली, मग नातीच्या गालावरून हात फिरवून कौतुकानं म्हणाल्या, "गुणाची गं बाई माझी. दुसरं पोर असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं."

सुमेधानं मात्र लेकीला मांडीवर घेतलं. तिनं इरूच्या पायांकडे बघितलं. एका पायातला वाळा चार्जिंगला लावलेला होता. पाऊण तासापूर्वी तिनंच काढून लावला होता.

हा वाळा घरात आला त्याची गोष्ट अशी.

सांगलीत विश्रामबागेच्या मागच्या अंगाला, राहत्या घराच्या तळमजल्यावर सुमेधा मगदूमचं 'किलबिल' पाळणाघर होतं. बी.एस्सी. झाल्यावर नोकरी मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी खालच्या दोन खोल्या दिल्या आणि तिनं भिंतीलगत पाळण्यांची रांग मांडली. हाताशी छबूमावशी. आजूबाजूच्या बँकांतल्या, दवाखान्यांतल्या आया सकाळी पोरं सोडून जायच्या. बरं चाललं होतं. मग बायपासला ते मोठं काचेचं बालसंगोपन केंद्र झालं. तिथे प्रत्येक पाळण्यावर कॅमेरा, भिंतीवर इंग्रजी गाणी, आणि आयांना एकसारखे गुलाबी डगले. एकेक करून किलबिलमधली पोरं तिकडे गेली. सुमेधाला तेव्हा सहावा महिना होता. ती रिकामे पाळणे पुसायची आणि पुसता पुसता तिच्या मनात येई, आपलं बाळ येईपर्यंत ही रांग उरेल का.

अशा वेळी डॉ. नीलांबरी कानिटकर दारात उभ्या राहिल्या. विद्यापीठातल्या जैवतंत्रज्ञ. वय चाळिशीच्या आत, खांद्याला लॅपटॉप, बोलणं भरभर.

"सरळच सांगते," त्या म्हणाल्या. "सरकारचा नवा नियम आहे. स्थानिक छोट्या व्यवसायाशी भागीदारी असल्याशिवाय आम्हाला संशोधनाचं अनुदान नाही. बायपासवाले माझ्याशी बोलायलाही तयार नाहीत. माझ्याकडे यंत्र आहे, मुलं नाहीत."

"माझ्याकडे चार मुलं आहेत, मॅडम. पाटीवर नाव सोडून बाकी काही नाही," सुमेधा हसून म्हणाली.

"पाटीवर 'विद्यापीठाच्या सहकार्याने' असं लिहा. मुलं येतील."

छबूमावशी दाराआडून म्हणाली, "जमलं म्हणायचं की लगीन! पोरगी आंधळी, नवरा लंगडा."

नीलांबरी मॅडम खळखळून हसल्या, आणि त्या हसण्यामुळेच सुमेधाला त्या आवडल्या.

यंत्र म्हणजे बाळाच्या घोट्यावर बसणारा एक मऊ पट्टा. आत कातडीचा ओलावा मोजणारी पट्टी, नाडीचा वेग टिपणारा बारीक दिवा आणि पोटातली गुरगुर ऐकणारा तांदळाएवढा कान. मॅडमनी समजावलं ते असं. मूल भूक लागल्याक्षणी रडत नाही. आधी नाडी जरा चढते, तळपाय दमट होतात, आतडं एका ठरावीक लयीत हलायला लागतं. शी लागली तर लय वेगळी, झोप आली तर वेगळी, पोटात वारा धरला तर वेगळी. हे सगळं रडण्याच्या काही मिनिटं आधी घडतं. पट्टा ते वाचतो आणि फोनवर सांगतो: भूक. ओलं. पोटदुखी. रडणं येतं ते अगदी शेवटी, ताप चढल्यावर माणूस कण्हतो तसं. "मग शेवटापर्यंत थांबायचंच कशाला?" मॅडम म्हणाल्या. यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'चाहूल'. आया त्याला पहिल्या दिवसापासून वाळा म्हणायला लागल्या.

पाटी बदलली आणि पोरं आली. बायपासहून परत आली, नवीही आली. तोवर इरू जन्मली, आणि सव्वा महिन्याची झाल्यावर रांगेतल्या कोपऱ्यातल्या पाळण्यात तीही दाखल झाली.

पण प्रयोगाला एक अट होती. निम्म्या मुलांच्या पायात बोलका वाळा आणि निम्म्यांच्या पायात मुका. मुका वाळा सगळं टिपायचा, पण फोनवर काही कळवायचा नाही. त्या मुलांना जुन्या पद्धतीनं सांभाळायचं, रडली की उचलायचं. सहा महिन्यांनी दोन्ही गट शेजारी ठेवून बघायचं, चाहूलमुळे काय फरक पडतो ते. झोपेत, वजनात, बोलण्यात. काही बिघडत असेल तर तेही तिथेच दिसेल. कुणाला कोणता वाळा, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. इरूची चिठ्ठी मुकी निघाली.

"मालकीणबाईंची लेक म्हणून बदलायची नाही हं," मॅडमनी बोट हलवून बजावलं. "चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी."

सुमेधा विज्ञान शिकलेली होती. तुलनेचा गट म्हणजे काय, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. परीक्षेत तिनं त्यावर पान भरून लिहिलेलं होतं.

परीक्षेत पाळणे नसतात.

इथे एकाच रांगेत, हातभर अंतरावर, चौगुल्यांच्या पोरीला भूक लागायच्या आत बाटली मिळायची आणि शेजारचा अन्वित टाहो फोडून फोडून निळा पडायचा. अन्वितची आई ऋतुजा शेटे बँकेत कॅशियर, जिभेला हाड नसलेली बाई. एकदा संध्याकाळी न्यायला आली आणि पोराचे सुजलेले डोळे बघून दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय ओ ताई, आमच्या पोरानं काय पाप केलंय? तिला मशीन आणि ह्याला नुसता दागिना?"

"चिठ्ठी तशी निघाली हो. विद्यापीठाचा नियम आहे."

"विद्यापीठ येतंय व्हय पोराचे डोळे पुसायला?"

ती गेल्यावर छबूमावशी लंगोट पिळता पिळता, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "एका पंगतीला बसवायचं आणि एकाच्या पानात तूप, दुसऱ्याच्या पानात कोरडा भात. पंक्तिप्रपंच हाय ह्यो. पाप लागतंय बगा."

तो शब्द सुमेधाला लागला. तिच्या माहेरी पाहुण्याच्या पोराला आणि घरच्या पोराला वेगळं वाढलं, तर आजी ताटावरून उठायची. आणि खरं सांगायचं तर कोपऱ्यातल्या पाळण्यात इरू होती. स्वतःची लेक रडत असताना दुसऱ्याचं पोर रडायच्या आत उचलायचं, हे आईच्या हातून किती दिवस व्हावं?

बिघाड झाला तर असावेत म्हणून मॅडमनी बोलक्या वाळ्यांची एक राखीव पेटी देऊन ठेवली होती. सुमेधानं ती उघडली. मुक्या गटातल्या पोरांच्या एका पायात मुका होताच, तो तसाच राहू दिला. दुसऱ्या पायात बोलका घातला. वर पायमोजे. मॅडम तपासणीला यायच्या त्या दिवशी दुसरा काढून ठेवायचा. पालकांना विश्वासात घेतलं, सगळ्यांनी आनंदानं मान डोलावली, आणि घरीही पोरं दोन वाळ्यांनिशी जायला लागली. नाहीतरी वाळा कुणी एका पायात घालतं का?

कुणाचंच काही बिघडत नव्हतं. असं तिला वाटलं.

हळूहळू रडणं थांबलं. आधी दिवसातून एखाददुसरं, मग आठवड्यात एखादं, मग नाहीच. लोक बघायला यायला लागले. दुपारी सगळी पोरं जागी असताना खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायचा. वर्तमानपत्रात 'न रडणारं पाळणाघर' म्हणून फोटो आला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नाव तरी बदल गं. किलबिल कसली? पाखरं उडून गेलेल्या झाडासारखं वाटतंय." सगळे हसले. सुमेधाही हसली होती.

बोट अडकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं एक गोष्ट केली. छबूमावशीला बाजारात पाठवलं आणि जेवणाच्या वेळी फोन बंद करून ती पडद्याआड उभी राहिली.

पोरं एकेक करून जागी झाली. चुळबुळली. अन्वितनं मूठ तोंडात घातली, ती चोखली, काढली. चौगुल्यांची पोरगी कठड्याला धरून बसली. वेळ गेला. भूक लागलीच असणार, नेहमीची वेळ टळून गेली होती. कुणाच्या कपाळावर आठ्या, कुणाचे डोळे भरलेले. पण एकही तोंड उघडलं नाही. सगळी रांगच्या रांग दाराकडे तोंड करून वाट बघत होती, उशिरा येणाऱ्या गाडीची फलाटावर बघावी तशी.

सुमेधाला ते बघवेना. तिनं पळत जाऊन बाटल्या आणल्या. घाईत दूध गादीवर सांडलं.

तिला उमगलं ते असं. जन्मतः रडणं हे शिंकेसारखं, आपोआप. पण काही महिन्यांनी मूल त्यातून एक हिशेब शिकतं: मी हाक मारली की कुणीतरी येतं. त्या हिशेबावर पुढचं सगळं उभं राहतं. बोट दाखवणं, 'आई' म्हणणं, मागणं, भांडणं. अनाथाश्रमात पोरं गप्प होतात ती कुणी येत नाही म्हणून. ही गप्प झाली ती कुणीतरी हाकेच्या आधीच येतं म्हणून. हाक आणि येणं, यांची गाठ कधी बसलीच नाही.

त्याच दुपारी ती विद्यापीठात गेली. मॅडमच्या खोलीत आता नवी खुर्ची होती आणि भिंतीवर मंत्र्यांबरोबरचा फोटो. सुमेधाचं बोलणं त्यांनी शांतपणे, अगदी मायेनं ऐकून घेतलं.

"सुमेधा, ही भीती मलाही होती. म्हणून तर आपण मुका गट ठेवला. हे बघ." त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, एक निळी, एक केशरी. दोन्ही हातात हात घालून उतरत गेलेल्या. "बोलक्या गटाचं रडणं कमी झालं, तसंच मुक्या गटाचंही. जराही फरक नाही. म्हणजे वाळ्याचा दोष नाही. तुझ्या पाळणाघरातलं वातावरणच इतकं चांगलं आहे! तसं लिहिलंय मी शोधनिबंधात. त्याच आधारावर कंपनीनं यंत्र घेतलं. पुढच्या महिन्यापासून अंगणवाड्यांत जाणार आहे."

सुमेधा त्या दोन रेघांकडे बघत राहिली. केशरी रेघेत कुठेतरी इरू होती.

"मॅडम," ती म्हणाली, "मुक्या गटाच्या पायातही बोलका वाळा होता."

"म्हणजे?"

"दुसऱ्या पायात. राखीव पेटीतला. पहिल्या महिन्यापासून."

नीलांबरी मॅडमचा चेहरा आधी समजला नाही असा झाला, आणि मग पांढराफटक पडला.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एका रांगेतली पोरं होती हो. एकाला द्यायचं आणि एकाला नाही, हे माझ्यानं…"

"तू पंगत सांभाळलीस!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. आवाज चिरकला. "अगं, मला पंगत नको होती. मला फरक हवा होता. तो फरक दिसावा म्हणूनच ती पोरं रडत ठेवायची होती. तुझी लेक रडली असती ना, तर आज या हजारो पोरांसाठी रडली असती!"



"आता सांगू या ना सगळ्यांना," सुमेधा म्हणाली. "निबंध मागे घ्या. नवी पोरं घेऊन परत करू या प्रयोग. मी नीट करीन."

"काय सांगायचं? पुरावा काय? तुझ्या लेकीचं बोट?" मॅडम खुर्चीत बसल्या. आता त्या थकलेल्या दिसत होत्या, वाईट नव्हे. "बिघडलेला प्रयोग काहीच सिद्ध करत नाही, सुमेधा. वाळा वाईट आहे हेही नाही. आणि नवी पोरं कुठून आणणार? दुकानात मिळायला लागलाय वाळा. मुका घालून घेईल अशी एक आई दाखव मला या जिल्ह्यात. तूच नाही घातलास."

सुमेधानं पिशवी खांद्याला लावली.

"मी लिहीन कंपनीला," मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. "लिहीन मी. पण थोडं थांब. माझी कायम होण्याची फाईल वर गेलीय. आणि करार तू मोडलायस हे विसरू नकोस. पहिला दगड तुझ्यावर पडेल."

त्या 'थोडं थांब'मधला थोडा वेळ म्हणजे किती, हे सुमेधाला परत येताना शेअर रिक्षात कळलं. समोरच्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. पायात नवाकोरा वाळा. बाई दुसऱ्या बाईला अभिमानानं सांगत होती, "अजाबात त्रास नाही बघा."

घरी अभिनंदननं सगळं ऐकलं. नवरा तसा सरळ माणूस, पण पाळणाघर चालू लागल्यापासून त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली होती, ती क्षणात परत आली.

"मॅडम म्हणतात थांब, तर थांब की. एवढ्या शिकलेल्या आहेत त्या."

"आणि इरू?"

"इरूचं इरूपुरतं बघू. डॉक्टरला दाखवू. सगळ्या गावाला हाळी देऊन काय मिळणार आहे तुला?"

"अन्वित पण गप्प आहे, अभी. सगळी गप्प आहेत."

"त्यांच्या आया काही म्हणतात का? मग?"

रविवारी तिनं पालकांना बोलावलं. चहा केला. सतरंजीवर सगळे बसले, पोरं मध्ये, आणि तिनं काही न लपवता सांगितलं. बोट, पडद्याआडची दुपार, दोन रेघा. शेवटी हात जोडून म्हणाली, "आजपासून वाळे काढू या. पोरं रडतील असं नाही, पण शिकतील. आपण सगळ्यांनी मिळून केलं तर."

 मग ऋतुजा शेटे बोलली.

"म्हणजे आता पोर रडत नाही म्हणून आम्ही रडत बसायचं?"

दोघंतिघं हसले.

"ऋतुजाताई, अन्वितनं कधी हात पुढे करून काही मागितलंय? आठवा बरं."

"मागायची येळच येऊ देत नाही आम्ही," ऋतुजा ठसक्यात म्हणाली. पण म्हणताना तिनं अन्वितला जरा घट्ट धरलं, हे सुमेधाच्या नजरेतून सुटलं नाही.

चौगुले अडत दुकानवाले, आतापर्यंत गप्प होते. ते घसा खाकरून म्हणाले, "ताई, राग मानू नका. एखादं लेकरू जरा मंद असतंय. त्यात लाजण्यासारखं काय नाही. पण म्हणून आमच्या पोरीला त्या रांगेत बसवू नका."

"भाऊ, ती त्याच रांगेत आहे. मी बसवलंय तिला. तुमच्यासमोर बसवलंय."

"तुम्हीच म्हणाला होता, काय बिघडत न्हाई म्हणून."

"हो. मीच म्हणाले होते."

"मग आता कोणतं खरं धरायचं?"

सतरंजी गोळा करताना छबूमावशीनं कप मोजले नाहीत, नुसते बादलीत टाकले. सोमवारी दोन पोरं आली. बुधवारी एकही नाही. वाळा आता दुकानात मिळत होता, त्यासाठी किलबिलची गरज नव्हती. विद्यापीठाचा माणूस येऊन पाटी उतरवून घेऊन गेला. नम्र होता बिचारा, खिळ्यांची भोकं बुजवून देऊ का म्हणून विचारलं. छबूमावशी जाताना इरूच्या पाळण्याशी थांबली आणि म्हणाली, "पंगत मोडली तर पाप, म्हणले मी. माझंच चुकलं का काय ओ ताई?" सुमेधानं तिच्या हातात हात दिला. दुसरं काय देणार?

आता घरात एकच पोर होतं आणि त्याच्या पायात काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, कान चांगले, घसा चांगला, वाट बघा. वाट बघणं म्हणजे काय करायचं, हे सुमेधानं स्वतःच ठरवलं. त्या दुपारी तिनं इरूला भरवलं नाही. खेळण्यांत बसवलं आणि स्वतः शेजारच्या खोलीत दाराच्या फटीला डोळा लावून बसली. हाक मारू दे. नुसती कुरकुरली तरी धावत जाईन.

इरू खेळली. मग खेळणं टाकून दाराकडे बघायला लागली. फ्रॉकचं टोक तोंडात घातलं. सुमेधाचा कुडता दुधानं ओला झाला. तिच्या अंगाला कुठलाही पट्टा लागत नव्हता. ती दात आवळून बसून राहिली. इरूच्या खालच्या ओठाची कड थरथरली, आता, आता, असं वाटलं, आणि पुन्हा सरळ झाली. पोर जमिनीवर आडवं झालं. गाल फरशीला टेकवला. डोळे दाराकडेच.

"अगं कसाई आहेस का तू?" सासूबाई जिन्यातून ओरडल्या. "उपाशी ठेवतीस लेकराला?"

सुमेधा धावली. इरूला उचलून छातीशी धरलं आणि इतके दिवस कुठे कोंडलं होतं कोण जाणे, तिला रडू फुटलं. गळा काढून, आवाज करून, शेजारपाजारच्यांनी खिडक्या उघडाव्यात असं.

इरू दचकली. असा आवाज तिनं मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. ती टक लावून आईच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली, घाबरली, डोळे भरून आले. मग तिनं आपला इवला तळवा आईच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला.

सुमेधा क्षणभर थांबली. मग तिनं तो हात हलकेच बाजूला केला, लेकीचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर धरला, आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली. असं, राणी. हे असं.